बेनेडिक्टच्या नळीपासून शिंप्याच्या फितीपर्यंत

मुलुंड पश्चिमेस आमचे बिऱ्हाड ज्या चाळीत होते तिच्या मोरीच्या खिडकीत, १९६८ सालच्या पावसाळ्यापासून पुढे अनेक वर्षे, एक स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेची परीक्षानळी आणि निळ्या द्रावणाची बाटली असा सरंजाम मांडलेला असे. स्वयंपाकघरात त्यास सक्त मज्जाव होता, कारण माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, लघवीची तपासणी ज्या ज्योतीवर व्हायची तिचा वारासुद्धा अन्नाला लागू नये असा आईचा दंडक होता, आणि तो मोडण्याची हिंमत, ज्यांच्याकरिता हा सारा खटाटोप चालला होता त्या अण्णांनीही कधी केली नाही.

द्रावणाचे नाव बेनेडिक्ट. त्या नावाच्या अमेरिकन रसायनज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केलेले हे मिश्रण म्हणजे मोरचूद, सोडा आणि सायट्रेट यांचा पाण्यातील संयोग. नळीत ते पाच मिलिलिटर घ्यावयाचे, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकावयाचे, आणि उकळी आणून थोडे निवू दिल्यावर रंग पाहावयाचा. निळे ते निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे झाले तर किंचित. त्यापुढे पिवळे, नारिंगी, आणि सर्वांत वाईट ते विटकरी. सोबत मिळालेला रंगांचा तक्ता आईने फारसा जुमानला नाही. तिचे स्वतःचे परिमाण होते, ‘आज पोपटी आहे’, ‘आज हळदीवर गेलंय’, आणि एखाद्या लग्नाच्या पंक्तीनंतर, ‘आज अगदी कौलासारखं झालंय, बसा आता दोन दिवस भाकरीवर’. आरंभी या नोंदी एका जुन्या वहीत होत; १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले, ते आमच्या भिंतीवर आले, आणि त्याच्या ज्या चौकोनांत गवळ्याचा हिशेब लिहिला जाई त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात नि, हि, पि अशी एकेक अक्षरे रुजू होऊ लागली. महिनाअखेर दुधाचा हिशेब चुकता होई, अक्षरे तशीच राहत.

अण्णांच्या या रोगाचे, मधुमेहाचे, नाव आपल्याकडे नवे नव्हते. आयुर्वेदाने वीस प्रमेहांत मधुमेहाची गणना केली आहे, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण प्राचीन वैद्यांचेच आहे, जे एका अर्थाने जगातील पहिले घरगुती परीक्षण म्हणावयास हरकत नसावी. परंतु ओळखणे निराळे आणि आवरणे निराळे. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता, मंडालेच्या कारावासात त्यांना त्यासाठी पथ्य सांभाळावे लागले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले तेव्हा इन्शुलिन अस्तित्वातच नव्हते. त्याच्या पुढच्याच वर्षी टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग सुरू झाले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिली सुई दिली गेली.

अण्णांच्या वाट्याला सुई आली नाही, गोळ्या आल्या. आरंभी रास्टिनॉन, पुढे डाओनिल. आणि या दोन्ही गोळ्या ज्या हेक्स्ट कंपनीच्या, तिचा कारखाना आमच्याच मुलुंडात लालबहादूर शास्त्री मार्गावर असल्यामुळे, आपल्या दुखण्याचे औषध आपल्याच गावात आहे याचा अण्णांना एक निष्कारण अभिमान वाटे. तपासणी, गोळी आणि पथ्य या तिन्ही गोष्टी आमच्या घरात इतक्या नेमस्तपणे चालत की कॅलेंडरे बहुतांशी नि-नि-नि अशी एकजात निळी भरलेली असत. १९८२ साली अण्णांना वर्तमानपत्रातील ओळी तुटक दिसू लागल्या. नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या विस्फारून पाहिले आणि सांगितले की, दृष्टिपटलावर रक्तस्रावाचे ठिपके आहेत आणि ते काल-परवाचे नाहीत. आई कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. तिचे म्हणणे एवढेच होते की, सगळे निळे असताना हे झाले कसे.

त्यांनी दिलेले उत्तर मी त्या दिवशी प्रथम ऐकले, आणि ते चौदा वर्षे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते असे आजही वाटते. रक्तातील साखर साधारणतः डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडीपर्यंत मूत्रपिंडे ती बाहेर जाऊच देत नाहीत, आणि वयोमानाने ही मर्यादा पुष्कळदा आणखी वर सरकते. म्हणजे रक्तात १७०, १८०, कदाचित २०० साखर दिवसरात्र खेळत असतानाही नळीतील निळा रंग यत्किंचितही बदलत नाही. शिवाय लघवी सांगते ती मागल्या काही तासांची हकीकत. निळा रंग खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे दिसत होते तेवढेच तो सांगत होता, आणि आम्ही त्याला पुरी जबानी समजून बसलो होतो. मागे वळून पाहता एक योगायोग मनाला टोचतो. आमच्या मोरीत दिवा पेटला त्याच १९६८ साली इराणात सॅम्युएल राहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात एक निराळे हिमोग्लोबिन आढळले होते; त्यावरूनच पुढे तीन महिन्यांच्या सरासरीची ती एचबीएवनसी तपासणी निघाली, जिने ती कॅलेंडरे एका दिवसात खोटी पाडली असती.

रक्ताचा थेंब घरात येण्यास मात्र बराच अवधी लागला. अमेरिकेतील एम्स कंपनीचे पहिले मापकयंत्र १९७० च्या सुमारास निघाले, ते किलोभराहून अधिक वजनाचे आणि वैद्यांच्या टेबलासाठी होते; हातात मावणारी, विद्युत्प्रवाहावर मोजणारी यंत्रे १९८७ नंतरची. आमच्या घरी ग्लुकोमीटर आला तो १९९३ साली, न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाच्या बॅगेतून, पन्नास पट्ट्यांसह. पट्ट्या दोन महिन्यांत संपल्या, तशा पट्ट्या मुलुंड-ठाण्यातील एकाही औषधाच्या दुकानात मिळेनात, आणि ते यंत्र अण्णांच्या अखेरपर्यंत कपाटात चष्म्याच्या घराशेजारी पडून राहिले.

माझी स्वतःची पाळी आली ती जरा चमत्कारिक रीतीने. १९९६ साली माझी उपाशीपोटीची साखर १३२ आली आणि डॉक्टर म्हणाले, ‘काळजीचं कारण नाही, तुम्ही एकशे चाळीसच्या आत आहात.’ १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेने आणि १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती सीमा १२६ वर आणली, आणि पुढच्या तपासणीत पुन्हा तोच १३२ हा आकडा आला असता मी कायदेशीर मधुमेही ठरलो. शरीरात काही फरक नव्हता, दप्तर बदलले होते. माझी खात्री आहे की त्या फर्मानाने माझे डोळे वाचले.

तेव्हापासून बोट टोचण्याची जी पंचवीस वर्षे गेली त्यांत शिकलेल्या गोष्टी यंत्राच्या पुस्तिकेत कमी आणि मुंबईच्या हवेत जास्त होत्या. जुलै महिन्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तरी दमट हवेने पट्ट्या बिघडतात. हापूस कापल्यावर हात न धुता घेतलेला थेंब रक्तापेक्षा आंब्याचीच साखर अधिक मोजतो. आमच्या शेजारच्या काकूंना एका मे महिन्यात २९० पाहून घाम फुटला होता, हात धुऊन पाहिले तर १४८. लागोपाठ दोनदा मोजून १४२ आणि १५१ आले म्हणून यंत्र दुकानदाराच्या अंगावर फेकणाऱ्यांस हे ठाऊक नसते की, प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वर पंधरा टक्क्यांचा फरक ग्राह्य धरलेला आहे. आणि एकादशी! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण साबुदाण्याच्या खिचडीनंतर दोन तासांनी पडद्यावर २३८ उमटले तेव्हा कोठे तिचा अर्थ मला लागला. भाकरी-पालेभाजीच्या दिवशी तोच आकडा १६० च्या आत असे. रोज सकाळी उपाशीपोटी एकच थेंब तपासून समाधान मानणाऱ्या माझ्या पिढीतील बहुसंख्य गृहस्थांनी, आईने निळ्या रंगाबाबत केली तीच चूक थोड्या महाग साधनाने केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण याहून मोठी चूक निराळीच आहे. नळी काय, यंत्र काय, दंडावर चिकटवावयाचा हल्लीचा संवेदक काय, ही सारी साधने आमच्या उंबऱ्यावर आली ती रोग घरात येऊन बसल्यावर. अण्णा किडकिडीत होते, म्हणून त्यांना कोणी कधी सावध केले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले; दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. ते छायाचित्र पाहताना मला अण्णांचा सदरा आठवला, जो खांद्यांवर ढगळ आणि पोटावर ताठ बसे.

पुढल्याच वर्षी चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या चमूने भारतीयांसाठी एक गुणपत्रक तयार केले, ज्यास रक्ताचा एक थेंबही लागत नाही: वय, कंबरेचा घेर, अंगमेहनत आणि आईबापांचा मधुमेह, एवढ्यावर शंभरपैकी गुण, आणि साठ किंवा अधिक आले तर धोका मोठा. धोका वेळीच ओळखला तर काय साधते हेही २००६ साली दिसले: सीमारेषेवरील ५३१ भारतीयांपैकी ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांतील ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले, आणि ज्यांचा आहार-व्यायाम बदलवला त्यांतील ३९.३ टक्के. महानगरपालिकेच्या २०२१ च्या पाहणीत मुंबईतील सुमारे १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या मर्यादेत आढळली, आणि तरीही उपनगरातील किती घरांत कंबर मोजली जाते?

माझा मुलगा मुलुंडहून घाटकोपर आणि तेथून मेट्रोने अंधेरीस कचेरीत जातो. ८ जून २०१४ रोजी ती मेट्रो सुरू झाली तेव्हा बसचे तासाभराचे धक्के काही मिनिटांवर आले. वाचलेला वेळ मात्र चालण्यात गेला नाही, खुर्चीत गेला. गेल्या रविवारी आईच्या शिवणयंत्राच्या खणातून तिची फीत काढून मी त्याला उभे केले. त्याने हसत पोट आत घेतले, ते मी सोडावयास लावले. वय एकेचाळीस, त्याचे वीस. घेर सत्त्याण्णव सेंटिमीटर, त्याचे दहा. व्यायाम नाही, त्याचे तीस. बाप मधुमेही, त्याचे दहा. बेरीज सत्तर झाली. उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी, अशा दोन्ही वेळी रक्त द्यावयास तो येत्या शनिवारी जाणार आहे.