सोफी सरेपर्यंत टोमॅटो आत

जर्मनीत एप्रिलअखेर ऊन तापू लागतं, बाजारात टोमॅटोची रोपं येतात आणि ती लगेच अंगणात लावायचा मोह होतो. तिथले जुने शेतकरी मात्र 11 ते 15 मे हे ‘हिमसंतां’चे दिवस, म्हणजे रात्री थंडी परतण्याची भीती असलेले संतदिन, पाळतात. त्यांतली शेवटची, 15 तारखेची ‘थंड सोफी’ उलटल्याशिवाय टोमॅटो, काकडी, घेवडा बाहेर लावत नाहीत.

कारण या दिवसांत रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते. हवेचं तापमान 2-3 अंश दाखवत असतानाही पानांवर हिम धरू शकतं. आतलं पाणी गोठलं की पान काळं पडतं. कोबी, वाटाणा, पालक हे सोसतात, टोमॅटो नाही.

रोपं लावलीच असतील, तर दुपारी माती भिजवा. ओली माती जास्त उष्णता साठवते. संध्याकाळी काठ्यांवर जुनी चादर टाकून कडा जमिनीला टेकवा. चादरीचं खरं काम जमिनीची ऊब धरून ठेवण्याचं, त्यामुळे कडा उघड्या राहिल्या तर सगळी मेहनत वाया. प्लॅस्टिक पानाला चिकटू देऊ नका, तिथे पान करपतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढा.

तिकडे नव्याने राहायला गेलेल्या मराठी बागप्रेमींनी सोफी सरेपर्यंतचे हे दोन आठवडे धीर धरावाच.