न्यायाधीश होण्याची घाई

दुसऱ्याचे दोष ठरविण्यास बसूं नये, हा ख्रिस्ताचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीं आला आहे. कित्येक लोक त्याचा अर्थ असा करतात कीं, बऱ्यास बरें व वाइटास वाईट म्हणूंच नये. हा अर्थ खरा असता, तर न्यायकचेऱ्यांस टाळीं लावावीं लागलीं असतीं. पण त्याच अध्यायांत पुढें खोट्या उपदेशकांस त्यांच्या फळांवरून ओळखावें, असें सांगितलें आहे; आणि ओळखणें विवेकावांचून होत नाहीं. तेव्हां निषेध आहे तो दुसऱ्यास परस्पर दोषी ठरवून टाकण्याचा, विवेकाचा नव्हे.

ज्या मापानें आपण घालूं त्याच मापानें आपल्या पदरांत पडेल, हें त्या उपदेशांतील पुढचें कलम आमच्या व्यापारी वाचकांस सहज पटेल. घेण्याचें माप एक व देण्याचें निराळें ठेवणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणतों. परंतु माणसांचे दोष तोलतांना आपण सर्वच दोन तराजू बाळगतों. शेजाऱ्याची पेढी बुडाली ती त्याच्या लबाडीनें, आपली बुडाली ती दिवस फिरल्यामुळें! कुसळ व मुसळ यांचा दृष्टांत तर मराठी माणसाच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा उत्तरार्ध तो विसरतो. आपलें मुसळ आधीं काढावें, म्हणजे शेजाऱ्याचें कुसळ काढण्याइतकें स्वच्छ दिसेल, असा तो उत्तरार्ध आहे. कुसळ तसेंच राहूं द्यावें असें नव्हे. क्रम चुकवूं नये, इतकेंच.

दोष काढावयाचा कसा, हेंही त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. अपराध्यास प्रथम एकांतांत गाठून सांगावें. न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें. तरीही न ऐकल्यास गोष्ट मंडळीपुढें ठेवावी. आरोपीस कळविल्यावांचून व त्याचें म्हणणें ऐकल्यावांचून निकाल नाहीं, हें कायद्याचें सूत्रही याहून निराळें काय सांगतें? आपली चाल नेमकी उलट. प्रथम चव्हाट्यावर बोभाटा होतो, आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याच्या कानीं ती गोष्ट सर्वांच्या शेवटीं पडते.

चौथ्या शतकांत मिसर देशांतील स्केतीच्या वाळवंटांत मोझेस नांवाचा साधु होता. पूर्वायुष्यांत तो दरोडेखोर होता असें सांगतात. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करण्यास मठवासी जमले असतां तो पाण्यानें भरलेलें गळकें भांडें घेऊन आला. माझीं पापें अशींच मागें सांडत आहेत, मला तीं दिसत नाहींत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करावयास निघालों आहें, अशा आशयाचें तो बोलला. मंडळीनें त्या बंधूस क्षमा केली, अशी कथा आहे.

उपदेश असा असतां आचार कसा झाला, याचा दाखला आमच्या शेजारींच आहे. गोव्यांत १५६० सालीं स्थापन झालेलें इन्क्विझिशन, मधला थोडा काळ वगळतां, १८१२ पर्यंत चाललें. तेथें साक्षीदारांचीं नांवें आरोपीपासून गुप्त ठेवीत. परंतु एवढ्यावरून परधर्मीयांकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस मिळत नाहीं. जातपंचायतींनीं वाळींत टाकलेल्या कुटुंबांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हें मुसळ कोणाच्या डोळ्यांतलें?

कायदा पंचायतीस शिक्षा करील. ओट्यावरच्या कुजबुजीस तो कोठून पकडणार? विधवेचें येणेंजाणें मोजणें, दिवाळें निघालेल्याच्या मुलीचें स्थळ मोडणें, हे निकाल कोणत्याही दप्तरांत नोंदले जात नाहींत, आणि त्यांवर अपीलही नाहीं. ज्याच्याविषयीं बोलतां त्यास तुम्ही स्वतः विचारलें आहे काय, एवढा एकच प्रश्न बोलणाऱ्यास करण्याची चाल पडली, तरी पुष्कळ घरें वांचतील.