हलक्या लॅपटॉपांचा लोभ

एखादी वस्तु बाजारांतून नाहींशी झाली म्हणजे बहुधा लोक तिला लवकरच विसरतात. कांहीं वस्तूंच्या बाबतींत मात्र उलट घडतें. त्या मिळेनाशा झाल्यावरच त्यांची खरी किंमत कळूं लागते. लहान व वजनानें हलके असे कांहीं जुने लॅपटॉप ह्या दुसऱ्या वर्गांत मोडतात. त्यांची निर्मिति थांबून कित्येक वर्षें लोटलीं, तरी माणसें ते जपून ठेवतात, दुरुस्त करवून घेतात, प्रसंगीं एक चालू राहावा म्हणून दुसरा मोडका विकत घेऊन त्याचे भाग काढतात. ह्या लोभास हट्ट म्हणून हिणवणें सोपें आहे. परंतु त्याच्या मुळाशीं काय आहे हें पाहिल्यास घरोघरीं उपयोगी पडणारा एक विचार हातीं लागतो.

प्रथम वजनाचाच हिशेब पाहावा. लॅपटॉपचें वजन मुख्यतः चार गोष्टींत सांठलेलें असतें: बॅटरी, पडदा, बाहेरचें कवच, आणि आंतील उष्णता बाहेर टाकणारा पंखा व त्याची जोडणी. हें वजन कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गाळण्याचा, म्हणजे ज्याची गरज नाहीं तें ठेवावयाचेंच नाहीं. दुसरा जखडण्याचा, म्हणजे सुटे भाग एकमेकांस कायमचे जोडून टाकावयाचे, जेणेंकरून त्यांच्या खोबणी, कड्या व आवरणें ह्यांची जागा वांचते. दोन्ही मार्गांनीं यंत्र हलकें होतें. पण दोहोंचा शेवट अगदीं भिन्न होतो.

पहिल्या मार्गाचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच पाहावयास मिळालें. अमेरिकेंत निकोलस निग्रोपाँटी ह्यांच्या पुढाकारानें ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना निघाली. २००६ सालीं भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानें ती नाकारली. तरी पुढच्याच वर्षीं रायगड जिल्ह्यांतील खैरात येथील एकशिक्षकी शाळेंत ह्या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातीं आले. ‘एक्सओ’ नांवाच्या ह्या यंत्राचें वजन सुमारें दीड किलो होतें. त्यांत फिरती तबकडी नव्हती, पंखा नव्हता. रॅम अवघी २५६ मेगाबाइट आणि सांठवण १ गिगाबाइट. पडदा साडेसात इंचांचा. पण भर उन्हांत धरला तरी त्यावरचीं अक्षरें स्वच्छ वाचतां येत. यंत्र साध्या पेचकसानें उघडावें आणि त्याचा पडदा किंवा कळफलक गांवांतच बदलतां यावा, अशा बेतानें त्याची रचना केली होती. ही योजना भारतांत फोफावली नाहीं, आणि लॅपटॉप दिल्यानें शिक्षण सुधारतें काय, हा वादहि मिटला नाहीं. तें यंत्र आतां बनत नाहीं. परंतु त्यासाठीं रचलेली ‘शुगर’ ही प्रणाली २००८ पासून स्वयंसेवकांनीं जिवंत ठेविली असून ती इतर यंत्रांवरहि चालते.

त्याच २००७ सालीं तैवानच्या आसुस कंपनीनें ‘ई पीसी’ हा सात इंची, एक किलोहूनहि हलका लॅपटॉप काढला आणि स्वस्त व लहान लॅपटॉपांची एक लाटच उसळली. २०१० नंतर टॅबलेट आले व ती लाट ओसरली. २०१३ च्या सुमारास ई पीसीचें उत्पादन बंद पडलें.

पण लोभाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लेनोव्हो कंपनीचा २०११ सालचा ‘थिंकपॅड एक्स २२०’. साडेबारा इंचांचा हा काळा, चौकोनी लॅपटॉप दिसावयास कांहीं विशेष सुंदर नव्हे. परंतु त्याची बॅटरी खटका सरकवून हातानें काढतां येते. रॅम खोबणींत बसविलेली असल्यामुळें वाढवितां येते. सांठवणीची तबकडी एक स्क्रू काढला कीं बाहेर येते. त्याच्या सात ओळींच्या कळफलकाची चाहत्यांना इतकी आठवण राहिली कीं, २०१७ सालीं थिंकपॅडच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या खास लॅपटॉपांत कंपनीनें तसाच कळफलक पुन्हां बसविला. चीनमधील शेन्झेन येथील हौशी मंडळी तर ह्याहि पुढें गेली. त्यांनीं थिंकपॅडच्या ह्याहूनहि जुन्या कवचांत बसेल अशी नवी मुख्य पट्टी स्वतः तयार केली. देह जुना आणि मेंदू नवा, असा हा संसार आहे!

दुसऱ्या मार्गाचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. २००८ च्या जानेवारींत स्टीव्ह जॉब्ज ह्यांनीं कागदी लिफाफ्यांतून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढला आणि जग थक्क झालें. त्याचा अकरा इंची धाकटा भाऊ २०१० ते २०१६ पर्यंत विकला गेला. वजन जेमतेम एक किलो. त्याची रॅम डाख देऊन कायमची बसविलेली होती, पण बॅटरी निदान स्क्रूंनीं धरलेली होती. पुढें २०१५ सालीं आलेला बारा इंची मॅकबुक अवघा ९२० ग्रॅमचा. त्यांत पंखा नाहीं; रॅम व सांठवण दोन्ही डाखलेलीं, आणि बॅटरी चिकटवून टाकलेली. २०१९ सालीं तोहि बंद झाला. प्रवासांत त्याच्याइतका सोयीचा सोबती दुसरा नाहीं, असें म्हणणारे आजहि आहेत. परंतु त्याची बॅटरी बदलणें हें कसबी कारागिराचें काम होऊन बसतें, आणि सांठवणीचा कण बिघडला तर मुख्य पट्टीच बदलावी लागते.

नागपुरांत ह्या भेदास विशेष महत्त्व आहे. येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. लिथियमच्या बॅटरीचा ऱ्हास उष्णतेनें जलद होतो. आणि पंखा नसलेलें यंत्र तापलें म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति कमी करतें. म्हणून ज्या यंत्राची बॅटरी सहज बदलतां येते, तें येथें अधिक वर्षें सोबत करतें. सीताबर्डीच्या दुरुस्तीच्या दुकानांत पेटी उघडतां येणें आणि न येणें एवढ्यावरच कित्येकदां लॅपटॉपचें आयुष्य ठरतें.

तथापि ‘जुनें तें सोनें’ ही म्हण येथें सरसकट लावूं नये. ‘विंडोज १०’ चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि ‘विंडोज ११’ च्या अटींत २०११ चीं यंत्रें बसत नाहींत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नव्हे. त्यावर लिनक्स बसविल्यास लेखन, वाचन व पत्रव्यवहार पुन्हां सुखानें चालतो, आणि सुरक्षिततेच्या सुधारणाहि मिळत राहतात. मराठी लिहिण्याची सोयहि तेथें आहे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती न टोंचतां, न चार्ज करतां ताबडतोब जाणत्या कारागिराकडे न्यावी. निकामी यंत्र रद्दींत न घालतां अधिकृत पुनर्चक्रण केंद्रास द्यावें. त्याविषयींचे नवे नियम भारतांत १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहेत.

ह्या लोभाची दखल आतां सरकारें घेऊं लागलीं आहेत. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या कायद्यानें वापरणारास स्वतः बॅटरी बदलतां यावी ही अट २०२७ च्या फेब्रुवारीपासून घातली आहे. चाहत्यांचा हट्ट म्हणून जें हिणवलें गेलें, तेंच आतां कायद्याच्या भाषेंत बोललें जात आहे.

तेव्हां मुलासाठीं किंवा सुनेसाठीं नवा हलका लॅपटॉप घ्यावयाचा असेल, तर वजनाबरोबर दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावे: ह्याची बॅटरी कोण बदलून देईल, आणि रॅम व सांठवण मागाहून वाढवितां येईल काय? जुना लॅपटॉप कपाटांत पडून असेल, तर हेच प्रश्न त्याच्याविषयींहि विचारावे, आणि मगच त्यास निरोप द्यावा. खांद्यावरचा भार हलका झाला हें चांगलेंच. पण पांच वर्षांनीं तो भार पुन्हां खिशावर पडणार नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे.