मूळ गाव आणि परतीचे गाव : रुआबांधा, राजनांदगाव आणि मराठी कथनातील एक गृहीतक

१

मोठ्या शहरातून मूळ गावी परतणे हे आधुनिक मराठी कादंबरी-नाटकातील एक सुपरिचित आशयसूत्र आहे. त्याची चर्चा बहुधा शहर आणि खेडे, परंपरा आणि आधुनिकता अशा जोड्यांच्या आधारे होत आली आहे. या चर्चेत 'मूळ गाव' ही संज्ञा मात्र जवळजवळ नेहमीच गृहीत धरली जाते. गाव आधीपासून आहे, कुटुंब तेथून बाहेर पडले आहे आणि कधीतरी ते परतणार आहे, असा तिचा क्रम मानला जातो. महाराष्ट्राच्या आजच्या राजकीय सीमेच्या आत हा क्रम सहसा खटकत नाही. सीमेपलीकडील मराठी कुटुंबांचा विचार करू लागताच तो प्रश्नांकित होतो.

प्रस्तुत लेखात छत्तीसगडातील भिलाई ते राजनांदगाव हा सुमारे चाळीस किलोमीटरचा पट्टा समोर ठेवून या गृहीतकाची तपासणी केली आहे. मूळ गाव परतीच्या आधीच सिद्ध असते, की परतण्याच्या किंवा न परतण्याच्या निर्णयातून ते ठरते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. तो केवळ समाजशास्त्रीय नाही. एखाद्या लेखकाला कोणत्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात स्थान द्यायचे, याचा निर्णयही बरेचदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

२

मराठीतील परतीच्या कथनांना तीन गोष्टींचा आधार असतो : घर, बोलावणे आणि बोली. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात तिन्ही स्पष्ट दिसतात. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडिलांचा मृत्यू होतो आणि मुंबईला स्थायिक झालेला मुलगा सुधीर पत्नीसह घरी येतो. येथे बोलावणे मृत्यूचे आहे. घर वारशाचे आहे, म्हणूनच ते वाटणीचेही आहे. बोली वऱ्हाडी वळणाची आहे, आणि मुंबईहून आलेल्या सुनेचे परकेपण भाषेच्या या अंतरातूनही जाणवत राहते. वाडा ढासळत आहे, दारातला ट्रॅक्टर गंजत आहे, तरीही त्या वाड्यावर आपला हक्क आहे, याविषयी सुधीरच्या मनात शंका नाही. परतणाऱ्याला परतण्याचा अधिकार असतो. या नाटकाचा सारा ताण त्या अधिकाराच्या मोजदादीतून निर्माण झालेला आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या शिक्षणातून काही हाती न लागता खानदेशातील सांगवीला येतो. त्याचे परतणे पराभवाचे आहे, पण ते अशक्य कोटीतले नाही. वडिलांशी कितीही दुरावा असला तरी घर आणि शेती त्याला सामावून घेतात. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीत खंडेरावाला मोरगावला आणणारे कारण पुन्हा वडिलांशीच निगडित आहे. वारस म्हणून गावात उभे राहिल्यावर ज्या अडगळीचा विचार त्याला करावा लागतो, ती त्याची स्वतःची अडगळ आहे.

या तिन्ही कृतींचे जीवनदर्शन वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एक समान व्यवस्था आहे. जमीन किंवा घर कुटुंबाच्या मालकीचे आहे, बोलावणारे कोणी तरी तेथे आहे, आणि ज्या भाषेत बोलावणे येते त्याच भाषेत कथन लिहिले गेले आहे. या व्यवस्थेमुळे 'मूळ' ही गोष्ट नैसर्गिक वाटते. तिचा ऐतिहासिक घडीवपणा दिसण्यासाठी यातील एखादा आधार जेथे निखळला आहे, अशा प्रदेशाकडे वळावे लागते.

३

छत्तीसगडशी मराठीचा संबंध आजचा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे आली आणि बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथे राहून कारभार पाहिला. या सत्तेबरोबर आलेली कारकुनी, लष्करी आणि वैदिक पेशांची कुटुंबे येथे स्थिरावली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतरही हा प्रदेश नागपूरशी प्रशासनाने आणि पुढे रेल्वेने जोडलेलाच राहिला. मराठी घरात वाढलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरची भाषा एक आणि लेखनाची भाषा दुसरी, ही येथील मराठी कुटुंबांची स्थिती अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ हा या इतिहासातील निर्णायक दिवस होय. त्या दिवसापर्यंत नागपूर आणि दुर्ग-रायपूर हे एकाच मध्यप्रदेश राज्याचे भाग होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. ज्या कुटुंबांचा एक भाऊ नागपुरात आणि दुसरा दुर्गला होता, ती कुटुंबे जागची न हलता दोन राज्यांत विभागली गेली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. अशा कुटुंबाला 'तुमचे मूळ गाव कोणते' असे विचारल्यास उत्तरादाखल एक गाव सांगता येत नाही, एक वाटचाल सांगावी लागते.

४

याच प्रदेशात, दुर्ग जिल्ह्यात, स्वातंत्र्योत्तर भारतातील मोठ्या नियोजित स्थलांतरांपैकी एक घडून आले. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे नोकरीसाठी आली. त्यांच्यासाठी वसवलेल्या नगरीचे भाग बहुतांशी क्रमांकांनी ओळखले जातात. या क्रमांकांच्या शेजारी काही नावे मात्र गावांचीच राहिली. रिसाली, मरोदा आणि रुआबांधा ही अशी नावे आहेत. रुआबांधा हे आज पोलादनगरीतील एका सेक्टरचे नाव आहे. त्यातील 'बांधा' या उत्तरपदाचे मराठी 'बांधा'शी असलेले नाते मराठी वाचकाला लगेच जाणवते. शेतीच्या जगातील शब्द कारखान्याच्या वसाहतीचा पत्ता झाला आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने रुआबांधा हे दुहेरी उदाहरण ठरते. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते मूळ गाव नाही, नोकरीचे ठिकाण आहे. त्याचे क्वार्टर कंपनीचे आहे आणि त्यावरील हक्क सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. 'वाडा चिरेबंदी'तील भावंडांमध्ये वाटणीवरून जो संघर्ष होतो, तो या घरात संभवतच नाही, कारण वाटण्यासारखे काही नाही. दुसरीकडे, त्या कर्मचाऱ्याची मुले याच क्वार्टरमध्ये जन्मतात, वसाहतीच्या शाळेत शिकतात आणि पुढे पुणे, बंगळूर, हैदराबाद यांसारख्या शहरांत जातात. त्यांच्या आठवणीतील गाव हे पोलादनगरीतील सेक्टर असते. वडिलांचे मूळ गाव त्यांना सुट्टीपुरते ठाऊक असते आणि स्वतःचे गाव निवृत्तीच्या दिवशी कागदोपत्री परत केले जाते.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या कामगारांचा दीर्घ अभ्यास केला आहे. दूरच्या प्रांतांतून आलेल्या कामगारांविषयीच्या २००३ मधील निबंधात त्यांनी खेड्यासाठी 'प्रतीक्षालय' ही प्रतिमा वापरली. भारतीय कामगारांच्या इतिहासलेखनात गावाशी टिकून राहणाऱ्या नात्यावर बराच भर दिला गेला होता. सार्वजनिक क्षेत्रातील सुरक्षित नोकरी मिळालेल्या अनेक भिलाईकरांच्या बाबतीत हे नाते सैल होत गेल्याचे पॅरी दाखवतात. येथे खेडे हे परतीचे आश्रयस्थान न राहता, जेथून सुटायचे असे ठिकाण होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भिलाईविषयक बृहद्ग्रंथात कायम आणि कंत्राटी कामगारांमधील दरीचे तपशीलवार विवेचन आहे. ते लक्षात घेतले तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. गावाकडे पाठ फिरवणे हीसुद्धा एक सुविधा आहे आणि ती ज्याची नोकरी पक्की आहे त्यालाच लाभते.

रुआबांधाच्या जुन्या रहिवाशांची बाजू याहून वेगळी आहे. गाव सोडून न जाताही गावाचे स्वरूप बदलले, अशी ही स्थिती आहे. येथे माणसे स्थलांतरित झाली नाहीत, त्यांच्याभोवतीचे स्थळच बदलले. त्यांच्यासाठी 'परतणे' या क्रियापदाला कर्म उरत नाही. मराठी कथनातील परतीच्या व्यवस्थेत या अनुभवासाठी जागा नाही, आणि तौलनिक अभ्यासाने प्रथम याची नोंद घ्यायला हवी.

५

भिलाईची पहिली भट्टी पेटण्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, गजानन माधव मुक्तिबोध आपल्या कुटुंबासह नागपूर सोडून राजनांदगावला आले. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होते. तेथील दिग्विजय महाविद्यालयात त्यांना हिंदीच्या अध्यापकाची जागा मिळाली होती. नागपुरातील आकाशवाणीची नोकरी आणि 'नया खून' या साप्ताहिकातील काम यांनंतर मिळालेले हे तुलनेने स्थिर उत्पन्न होते. दोनच वर्षांपूर्वी हे स्थलांतर एका राज्याच्या अंतर्गत झाले असते, १९५८ साली त्यात राज्याची सीमा ओलांडावी लागली.

मोठ्या शहरातून लहान गावात झालेल्या या स्थलांतराला 'परतणे' म्हणता येईल काय? मुक्तिबोधांचे पूर्वज खानदेशातील जळगावकडचे होते आणि तेथून ग्वाल्हेर संस्थानात गेले होते. त्यांचा स्वतःचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. वडिलांच्या पोलीस खात्यातील बदल्यांबरोबर घर हलत राहिले, पुढे उज्जैन, इंदूर, नागपूर अशी वाटचाल झाली. पांडुरंग सांगवीकर ज्या खानदेशात परततो, त्याच खानदेशातून निघालेल्या या घराण्याच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला परतीसाठी तेथे ना घर होते, ना बोलावणारे कोणी. राजनांदगावचे बोलावणे एका शिक्षणसंस्थेचे होते. राहण्याची जागा महाविद्यालयाच्या परिसरातील, एके काळच्या संस्थानी वास्तूचा भाग असलेली होती. मालकी शून्य, भव्यता उसनी आणि शेजारी राणीसागर व बूढासागर हे तलाव, असे हे घर होते. परतीच्या तीन आधारांपैकी एकही येथे नाही, तरीही हे गाव लेखकाच्या उत्तरायुष्याचे केंद्र ठरले.

'अँधेरे में' या दीर्घ कवितेचा रचनाकाळ सामान्यतः १९५७ ते १९६२ असा मानला जातो, म्हणजे नागपूर आणि राजनांदगाव हे दोन्ही काळ तिच्यात आहेत. रात्रीची मिरवणूक आणि लष्करी अंमल यांच्या प्रतिमांनी भरलेले तिच्यातील शहर अनुभवाने मागे टाकलेले आहे. लेखनात मात्र ते लहान गावातही पुढे चालू राहिले. येथे परतीच्या कथनाची दिशा उलटते. 'वाडा चिरेबंदी'त शहरातला माणूस गावात येऊन गाव पाहतो, मुक्तिबोध गावात येऊन शहर पूर्ण करतात. छोट्या गावातील निवांतपणाचे रूढ चित्रही येथे लागू पडत नाही. त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्यप्रदेश शासनाने १९६२ मध्ये बंदी घातली, आणि तो आघात राजनांदगावच्या मुक्कामातलाच आहे.

याच घरातील दुसरा भाऊ मराठीत लिहीत होता. शरच्चंद्र मुक्तिबोध (जन्म १९२१) यांचे 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'यात्रिक' (१९५७) हे काव्यसंग्रह, तसेच 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) ही कादंबरीत्रयी मराठी वाचकांना परिचित आहे. त्रयीतील पहिल्या कादंबरीचे नावच माळव्यातील नदीचे आहे. मराठीत लिहिणाऱ्या भावाने कादंबरीचे मूळ महाराष्ट्राबाहेर ठेवले आणि हिंदीत लिहिणारा भाऊ महाराष्ट्रात गेलेल्या नागपुरातून बाहेर पडला. एकाच घरातील दोन बंधूंनी 'मूळ' या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आणि दोन्ही उत्तरे भाषेच्या निवडीतून दिली. असे असता मराठी वाङ्मयेतिहास एका भावाला पान देतो आणि दुसऱ्याचा उल्लेख नात्यापुरता करतो. हिंदी वाङ्मयेतिहासात घरातील मराठीची नोंद चरित्राच्या पहिल्या परिच्छेदातच संपते. दोन्हीकडे भाषा हेच मूळ गाव मानल्याचा हा परिणाम आहे.

राजनांदगावातच १ जानेवारी १९३७ रोजी जन्मलेले विनोदकुमार शुक्ल यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक उजळतो. त्यांच्या 'दीवार में एक खिडकी रहती थी' (१९९७) या कादंबरीत लहान गावातील एक प्राध्यापक आणि त्याची पत्नी भाड्याच्या एका खोलीत राहतात. वारसा नाही, वाटणी नाही, आणि तरीही घर आहे. त्या खोलीची खिडकी हाच तिचा विस्तार आहे. मराठीतील वाडा वारशाने मिळतो आणि ढासळतो, ही खोली भाड्याने मिळते आणि वाढत जाते. मालकीविना आपलेपण कसे घडते, हे दाखवणारे हे कथन मुक्तिबोधांच्या राजनांदगावचा आणि रुआबांधातील क्वार्टरचाही अर्थ लावण्यास उपयोगी पडते.

६

मुक्तिबोधांचे ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत निधन झाले. 'चाँद का मुँह टेढा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. जेमतेम सहा वर्षांचा मुक्काम असलेले राजनांदगावचे निवासस्थान पुढे त्यांचे स्मारक झाले आणि ते गाव त्यांना आपला कवी म्हणू लागले. ज्या गावात ते परतले नव्हते, ते गाव अशा रीतीने त्यांचे मूळ गाव झाले. म्हणजे मूळ आधी आणि परतणे नंतर हा क्रम अनिवार्य नाही. राहणे, लिहिणे आणि मागे राहिलेल्यांनी आठवण जपणे यांतून मूळ मागाहूनही घडते.

या निष्कर्षाचा तौलनिक अभ्यासाला होणारा उपयोग मर्यादित पण निश्चित आहे. परतीच्या कोणत्याही कथनाला तीन प्रश्न विचारता येतील : घर कोणाच्या मालकीचे आहे, बोलावले कोणी, आणि बोलावण्याची भाषा व लेखनाची भाषा एक आहे काय? 'कोसला' किंवा 'वाडा चिरेबंदी' यांना हे प्रश्न विचारल्यास त्यांची थोरवी कमी होत नाही. त्यांच्यातील परतीमागे उभी असलेली जमिनीची आणि भाषेची सुरक्षितता मात्र दृष्टीस पडते. भिलाईतून निवृत्त होऊन क्वार्टरची किल्ली परत करणाऱ्या मराठी कुटुंबाला ती सुरक्षितता नाही. त्याच्यासमोर नागपूर, दुर्ग किंवा पूर्वजांचे एखादे गाव असे पर्याय असतात आणि त्यांतील एकाची निवड करूनच त्याला आपले मूळ ठरवावे लागते. ही निवड मराठी कादंबरीचा विषय व्हायची असेल, तर तिला वाड्याच्या चौकटीबाहेर यावे लागेल आणि छत्तीसगढी-हिंदीच्या शेजारात मराठी कशी टिकते किंवा विरते, याचे भान ठेवावे लागेल. तोपर्यंत रुआबांधासारखी नावे मराठी साहित्याच्या नकाशात पत्त्यापुरतीच राहतील.