एक पत्ता, अनेक नावं

एका जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं राहतात. घरनंबर एकच. पत्रावर नुसता घरनंबर असेल तर पोस्टमननं ते कोणाला द्यावं? वेब सर्व्हरपुढेही एके काळी हीच अडचण होती.

समजा, तेल्हारा, हिवरखेड आणि अडगाव इथल्या तीन शाळांना आपापली संकेतस्थळं हवी आहेत. लिनक्सवर चालणारा संगणक मात्र एकच आहे आणि त्याचा आयपी पत्ताही एकच. जुन्या पद्धतीत इथे तीन पत्ते लागले असते. कारण ब्राउझर नावावरून पत्ता शोधी, आणि तिथे पोचल्यावर फक्त ‘पहिलं पान दे’ एवढंच म्हणे. कोणाचं पान, हे सांगतच नसे! ३२ बिटांचे पत्ते तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ एवढेच. त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटून झाले.

यावरचा उपाय जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१मध्ये आला. ब्राउझरनं प्रत्येक मागणीसोबत ‘होस्ट’ अशी एक ओळ पाठवायची आणि तिच्यात संकेतस्थळाचं नाव लिहायचं. उपाय एका ओळीचा, पण ती ओळ सक्तीची झाली हे महत्त्वाचं.

आता सर्व्हरचं काम सोपं झालं. ‘अपाची’ या सर्व्हरमध्ये आपण प्रत्येक शाळेसाठी ‘व्हर्च्युअलहोस्ट’ नावाचा एक भाग लिहितो. त्यात ‘सर्व्हरनेम’पुढे शाळेचं नाव आणि ‘डॉक्युमेंटरूट’पुढे तिच्या पानांचं फोल्डर. आलेलं नाव ज्या भागाशी जुळेल, त्या फोल्डरमधलं पान जातं.

आणि कुठेच जुळलं नाही तर? सर्व्हर ‘पत्ता चुकला’ म्हणत नाही. यादीतल्या पहिल्या भागातलं पान देऊन मोकळा होतो. म्हणून पहिला भाग कोणत्याही शाळेचा न ठेवता तिथे एक साधं कोरं पान ठेवावं, असं आम्हाला वाटतं. आणखी एक गोष्ट. होस्टची ओळ पाहुणाच लिहितो, हवं ते नाव लिहू शकतो. ‘हे नाव कोणाला ठाऊक नाही’ एवढ्या भरवशावर मुलांचे गुण त्या नावाखाली ठेवू नयेत. त्यासाठी पासवर्डच हवा.

हे सारं इंटरनेटशिवायही करून पाहता येतं. शाळेतल्या दुसऱ्या लिनक्स संगणकावर ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘होस्ट्स’ ही फाइल उघडा. सर्व्हरचा पत्ता आणि त्यापुढे तिन्ही नावं एका ओळीत लिहा. ब्राउझरमध्ये एकेक नाव टाका. पत्ता तोच, पानं वेगळी! नंतर नुसता पत्ता टाकून काय येतं तेही मुलांना पाहू द्या.

नाव देवनागरीत ठेवायचं असेल तर? २०१४पासून ‘.भारत’ने संपणारी नावं मिळतात. पण ब्राउझर असं नाव होस्टच्या ओळीत रोमन अक्षरांत बदलून पाठवतो. त्याच्या प्रत्येक देवनागरी तुकड्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी होते. ‘सर्व्हरनेम’पुढेही हेच रूप लिहावं लागतं. तिथे ‘तेल्हारा’ असं देवनागरीत लिहिलं, तर नावं जुळत नाहीत आणि ते पहिलं कोरं पान येतं.