परीक्षा आहे, शाळा कुठे?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेचा हक्क मिळाला. चौदाव्या वर्षी मूल जेमतेम आठवी ओलांडते. दहावी दोन वर्षे पुढे असते. नवी मुंबईतील दिघा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत याच वयात कमाईचा प्रश्न उभा राहतो आणि बाजार समिती, एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असतात. शाळेबाहेर पडलेल्यांना परत यायची वाट नाही असे नाही. पण ती वाट परीक्षेपाशी नेते, वर्गापाशी नेत नाही. म्हणून नवी मुंबई महापालिकेने अशा मुलांसाठी स्वतःची छोटी, संध्याकाळी भरणारी माध्यमिक शाळा चालवायला हवी.

आजच्या सोयी पाहू. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची रचना त्याहून लवचीक: पाच विषय, गणिताची सक्ती नाही, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी आणि तोवर सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. कामावर जाणाऱ्या किंवा अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलासाठी ही रचना योग्य आहे. मात्र ती गृहीत धरते की मूल पुस्तक घेऊन एकटे बसेल. शाळेत जे मागे पडले, त्यांनाच आपण सर्वांत अवघड काम देतो: शिक्षकाविना शिकण्याचे. पैसे असलेली घरे ही उणीव क्लास लावून भरून काढतात. बाकीच्यांच्या हाती नुसता फॉर्म राहतो.

शाळेने मुलांच्या वेळेशी जुळवून घेणे महाराष्ट्राला नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली; मुंबईच्या रात्रशाळांनी कष्टकऱ्यांच्या पिढ्या दहावीपर्यंत नेल्या. न्यूयॉर्कमध्ये सोळा ते एकवीस वयोगटातील मागे पडलेल्यांसाठी छोट्या सरकारी ‘ट्रान्सफर स्कूल’ आहेत.

महापालिकेच्या अशा शाळेवर पहिला आक्षेप अधिकाराचा: महापालिकेला बंधनकारक आहे ते प्राथमिक शिक्षण. पण नवी मुंबई महापालिका माध्यमिक शाळाही चालवते आणि वाशीत तिचेच ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, म्हणजे चौदाची रेघ ओलांडता येते. दुसरा आक्षेप असा की संध्याकाळची शाळा बालमजुरीला प्रतिष्ठा देईल. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालील मुलांना, कुटुंबाच्या कामासारखे मोजके अपवाद सोडता, कामावर ठेवता येत नाही आणि अठराखालील मुलांना धोक्याची कामे देता येत नाहीत. त्याची अंमलबजावणी हवीच. पण शाळेचे दार बंद ठेवल्याने कोणाचे काम सुटत नाही.

तिसरा आक्षेप खरा जड आहे: ही शाळा कच्च्या मुलांची अडगळ होईल. शंभर टक्के निकालासाठी अशा मुलांना सतरा नंबरकडे वळवल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. उपाय नियमात आहे. प्रवेश मुलाच्या आणि पालकांच्या मर्जीने व्हावा, नियमित शाळेत परतण्याची मुभा असावी आणि अशा मुलाचा दहावीचा निकाल त्याच्या मूळ शाळेच्या खात्यातही धरावा. मूल दुसरीकडे पाठवून निकाल सुधारत नसेल, तर त्याला पाठवण्याची घाईही कोणाला राहणार नाही.