पहिला फ्रान्स, रेल्वेने

शिरगावच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. मुलं हाताशी आलेली, तारापूरच्या एमआयडीसीत किंवा अणुऊर्जा केंद्रात नोकरी करून नुकतीच मोकळी झालेली ही माणसं. "टूरबरोबर युरोप एकदा झाला. आता दोघांनीच फ्रान्स करायचा म्हटलं, तर जमेल का हो? भाषा येत नाही, आणि मोटार काही आम्ही तिकडे चालवणार नाही."

जमेल. मोटार लागतच नाही. फ्रान्स हा रेल्वेने बघायचा देश आहे, आणि ज्यांचं निम्मं आयुष्य डहाणू लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे त्यांना तर तो लवकर कळेल.

मराठी माणसाला परदेश दाखवणारी पायवाट पालघर तालुक्यातूनच गेली आहे. केसरी टूर्सचे संस्थापक केसरी पाटील मूळचे इथल्या मथाणे गावचे. १९८४ साली त्यांनी कंपनी सुरू केली आणि विमानात कधी पाय न ठेवलेल्या घरांना मराठी बोलणाऱ्या सोबतीच्या जोरावर जग दाखवलं. त्या सहलींनी दिलेला धीर मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. पण सहलीच्या बसमधून पॅरिस दोन दिवसांत मागे पडतं आणि फ्रान्स तिथेच संपतो. ल्योंचे बोळ आणि मार्सेयचा मासळी बाजार राहूनच जातात. ते बघायचे तर स्वतःची आखणी हवी.

ती आखणी शहरांच्या यादीपासून सुरू करू नका. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. पॅरिस, नीस, स्ट्रासबूर्ग, बोर्दो, मों-सें-मिशेल अशी नावं कागदावर येतात आणि मग ती बारा दिवसांत कोंबायची खटपट चालते. आधी रेल्वेचा नकाशा समोर घ्या. तिथल्या वेगवान मार्गांचं जाळं पॅरिसमधून चाकाच्या आऱ्यांसारखं पसरलेलं आहे. पूर्वेला स्ट्रासबूर्ग पावणेदोन तासांवर, नैर्ऋत्येला बोर्दो दोन तासांच्या थोडं वर, दक्षिणेला ल्यों दोन तास आणि त्याच वाटेवर पुढे मार्सेय सव्वातीन तासांच्या आसपास. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर बहुतेक वेळा पॅरिसला परतावं लागतं. म्हणून पहिल्या खेपेला एकच आरा धरावा. माझं मत विचाराल तर पॅरिस, ल्यों, मार्सेय ही दक्षिणेची वाट. बारा दिवस आणि तीन मुक्काम पुरेत. हौस असेल तर मार्सेयहून आव्हिन्यों एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

पॅरिस ते ल्यों हीच तिथली पहिली वेगवान वाट, सप्टेंबर १९८१ मध्ये सुरू झालेली. त्या गाडीला तेजेवे म्हणतात. २००१ मध्ये दक्षिणेचा नवा मार्ग मार्सेयपर्यंत पोचला आणि सुमारे साडेसातशे किलोमीटरचं अंतर सकाळच्या नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत कापता येऊ लागलं. रोजच्या धावण्यात या गाड्या ताशी ३०० ते ३२० किलोमीटर वेग घेतात. चाचणीत तर ३ एप्रिल २००७ रोजी एका खास गाडीने ताशी ५७४.८ किलोमीटर गाठले. पालघरहून लोकलने चर्चगेट गाठायला साधारण जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पॅरिसचा माणूस ल्योंत उतरतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं स्थानक बोईसरला उभं राहतंय आणि तिचा ठरवलेला वेगही ताशी ३२० किलोमीटरच आहे. त्यामुळे आपल्याकडे काय येणार आहे, याची चुणूक तिकडे आधीच घेता येईल.

आता सगळ्यात नाजूक भाग, कामांचा क्रम. तेजेवेचं भाडं विमानासारखं चढत जातं. लवकर घेतलेलं तिकीट आणि आदल्या दिवशी घेतलेलं तिकीट यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. पण व्हिसा हातात नसताना पैसे परत न मिळणारी तिकिटं घेणंही धोक्याचं. या पेचातून सुटायचा मार्ग एकच आहे. व्हिसाचा अर्ज लवकर करायचा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि शेवटची मुदत प्रवासाच्या पंधरा दिवस आधीची असली तरी तिच्यावर कधीही विसंबू नये. मुंबईतल्या केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. मोठ्यांची फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बँकेचा उतारा, आयकराचे कागद, आणि नोकरीत असाल तर रजेचं पत्रही. हॉटेलं रद्द करता येतील अशीच धरा आणि अर्जाला त्यांचीच पत्रं जोडा. व्हिसा आला की त्याच संध्याकाळी बसून रेल्वेची मोठ्या पल्ल्याची तिकिटं काढा. मे महिन्यात निघायचं असेल, तर डिसेंबरात कागद गोळा झालेले हवेत.

मे आणि जून हे महिने हवेच्या दृष्टीने उत्तम. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. पण मेमध्ये तिथे १ तारखेचा कामगार दिन, ८ तारखेचा विजयदिन आणि बहुधा त्याच महिन्यात येणारा असान्सिओं हा ख्रिस्ती सण अशा सुट्ट्या ओळीने येतात. जोडून रजा घेऊन अख्खा देश बाहेर पडतो. त्या दिवसांच्या गाड्या लवकर भरतात.

किनाऱ्यावरचे एक काका विचारत होते, "तिकडे आरक्षण किती दिवस आधी उघडतं?" आपल्याकडे साठ दिवसांचा नियम आहे, रोज सकाळी एकेक तारीख पुढे सरकते. तिकडे तसं नाही. हंगामाची तिकिटं एकदम गठ्ठ्याने, कित्येक आठवडे आधी खुली होतात. रेल्वेचं स्वतःचं ॲप आहे, एसएनसीएफ कनेक्ट, आणि ते इंग्रजीतही चालतं. वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही. तेजेवेचं तिकीट मिळालं म्हणजे डबा आणि आसन ठरलं. गाडी पूर्ण भरली की भरली.

तिकिटांत दोन जाती ओळखायला शिका. 'इनुई' ही नेहमीची तेजेवे, तिचं तिकीट ठरलेल्या नियमांनी बदलता येतं. 'विगो' ही तिची स्वस्त बहीण, २०१३ पासून धावते. तिच्यात सामानाचे आणि तिकीट बदलण्याचे नियम कडक आहेत, मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात. दोन मोठ्या बॅगा घेऊन जाणाऱ्या जोडप्याने इनुईच घ्यावी. याशिवाय 'तेएर' नावाच्या प्रादेशिक गाड्या आहेत, आपल्या मेमूसारख्या. मार्सेयहून आव्हिन्योंला जाण्यापुरतं त्यांचं तिकीट त्याच दिवशी स्टेशनवर काढलं तरी चालतं, आगाऊ घाई लागत नाही. युरेल पासची जाहिरात मोहक असते. पण पास असला तरी तेजेवेत आसनासाठी वेगळे पैसे भरावे लागतात आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच ठेवलेल्या असतात. तीन-चार प्रवासांसाठी पास घेऊ नका.

स्टेशनांची नावं नवख्या माणसाला हमखास फसवतात. 'गार द ल्यों' हे स्टेशन ल्योंत नाही, पॅरिसमध्ये आहे. ल्योंकडे जाणाऱ्या गाड्या जिथून सुटतात ते स्टेशन, असा त्याचा अर्थ. पॅरिसला अशी सहा-सात मोठी स्टेशनं आहेत आणि प्रत्येकाची दिशा ठरलेली, त्यामुळे तिकिटावर कुठलं स्टेशन लिहिलंय ते दोनदा वाचा. ल्योंला उतरताना बहुतेक गाड्यांचं स्टेशन 'पार-दिअ' असतं. आव्हिन्योंचीही दोन स्टेशनं आहेत. तेजेवेचं गावाबाहेर, जुनं गावाच्या तटबंदीला लागून, आणि दोघांमध्ये छोटी गाडी धावते. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या पोटातही तेजेवेचं स्टेशन आहे. तिथून ल्योंकडे थेट गाड्या सुटतात. परतीच्या प्रवासात ही सोय सोन्यासारखी. येताना मात्र विमान उशिरा पोचलं तर तिकीट वाया जाईल, म्हणून पहिली रात्र पॅरिसमध्येच काढावी.

फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधीच फळ्यावर लागतो, तोवर सगळे मान वर करून उभे असतात. फळ्यावरचे चार शब्द पाठ असले की काम भागतं. 'व्वा' म्हणजे फलाट, 'व्वातूर' म्हणजे डबा, 'रतार' म्हणजे उशीर, आणि 'स्युप्रिमे' दिसलं तर गाडी रद्द. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. धावत येऊन दांडी पकडण्याची आपली सवय तिकडे उपयोगाची नाही. काही गाड्या दोन जोडून निघतात आणि वाटेत वेगळ्या होतात, तेव्हा डब्याचा क्रमांक चुकला तर माणूस भलत्याच गावी पोचतो. हमाल मिळत नाही. बॅग स्वतः उचलून रॅकवर ठेवता येईल एवढीच जड असावी, आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी लावणं सक्तीचं आहे.

आसन निवडताना दुमजली गाडी असेल तर वरचा मजला मागा. फ्लाइंग राणीचे दुमजली डबे २०२३ पर्यंत पालघरवरून जात होते. त्यांत वर बसून खाजण आणि मिठागरं बघितलेल्यांना कारण सांगायला नको. ल्योंच्या पुढे रोन नदीचं खोरं लागतं. जमीन हळूहळू पिवळी होते, छपरं कौलारू होतात, आकाश मोठं होतं.

आणि मग मार्सेय. मराठी माणसाने फ्रान्समध्ये एका ठिकाणी जायलाच हवं, तर ते हे. ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीतून विनायक दामोदर सावरकरांनी इथल्या बंदरात उडी घेतली. ते किनाऱ्याला लागले, फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवलं, आणि तरीही त्यांना पकडून परत ब्रिटिशांच्या हाती दिलं गेलं. फ्रान्सने त्याला हरकत घेतली. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. शाळेत हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचलाय. पण ते पाणी, ती खोली, धक्क्याची ती उंची डोळ्यांनी बघणं फार वेगळं आहे. राजकीय मत काहीही असो, तिथे उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो.

स्टेशनचं नाव सें-शार्ल. ते टेकाडावर आहे आणि समोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना शहरात उतरतो. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांत जुन्या बंदराचा धक्का लागतो. सकाळी लवकर गेलात तर कोळी बोटीतून आणलेली मासळी टेबलांवर मांडून विकताना दिसतील. सातपाटीची मासळी लिलावात जाताना पाहिलेल्या माणसाला तिथे भाषेची अडचण येत नाही. बोटाने दाखवायचं, भाव विचारायचा, हसायचं. इथलं खास कालवण म्हणजे बुयाबेस. मुळात ते न खपलेल्या, काटेरी खडकाळ मासळीचं गरिबांचं जेवण, आणि आज हॉटेलात ते भलतंच महाग आहे. शाकाहारी लोकांनी भाजी बाजारातून पाव, टोमॅटो, ऑलिव्ह आणि चीज घेऊन बाकावर बसावं. पॅरिसमध्ये गार द्यु नोर स्टेशनच्या परिसरात, ला शापेल भागात डोसा-इडली मिळते.

घरून नेण्याच्या खाऊबद्दल एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, पनीर घरीच. आंबाही कागदपत्रांशिवाय चालत नाही. नारळ आणि केळी मात्र सवलतीच्या मोजक्या फळांत आहेत, हे ऐकून केळवे-माहीमच्या वाडीवाल्यांना बरं वाटेल. थालीपिठाची भाजणी, चटणी, चिवडा खुशाल न्या. गाडीत बसून डबा खायला कोणी हरकत घेत नाही.

पैशांचं सांगायचं तर आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २ फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालतं, पण त्या भरवशावर पूर्ण प्रवास करता येणार नाही. चिप असलेलं फॉरेक्स कार्ड आणि थोडे सुटे युरो जवळ हवेत. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद, त्यामुळे पॅरिसचे दिवस हे बघूनच लावा. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा. ते न म्हणता प्रश्न विचारणं तिकडे उद्धटपणाचं समजतात, आणि म्हटलं की समोरचा माणूस मोडक्या इंग्रजीतही मदतीला येतो.

संपाची भीती बरेच जण घालतात. संप होतात, हे खरं. पण संपाच्या दिवशी कोणत्या गाड्या धावणार, ते आदल्या दिवशी संध्याकाळी जाहीर होतं आणि रद्द झालेल्या गाडीचे पैसे परत मिळतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पॅरिसला परता. त्या एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे वाचवू नका.

हा लेख बाजूला ठेवण्याआधी कपाटातला पासपोर्ट काढून बघा. तो गेल्या दहा वर्षांतच दिलेला असला पाहिजे, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत हवी आणि आत दोन कोरी पानं हवीत. यातलं एकही कमी असेल, तर नव्या पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात करा.